चाचणी नको, झोप सांभाळा

वडिलांना स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होण्याचा मानसिक आजार) आहे म्हणून 5 वर्षांच्या मुलीची जनुकीय चाचणी करावी का, असं विचारलंय. नको. आजार होईलच की नाही हे सांगणारी चाचणी अजून नाही. पैसे जातात आणि धास्ती वाढते. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण 10 टक्के, एरवी 1 टक्का. म्हणजे दहातली नऊ मुलं सुटतात.

झोप बघा, या वयात दिवसाला 10 ते 13 तास. आणि वडिलांची औषधं. गोळ्या सुटल्या की सगळं घर ढवळून निघतं आणि त्याची झळ मुलीला बसते. गोळ्या मात्र कुलपात ठेवा.

तिला सरळ सांगा: बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, शिवल्याने लागत नाही. दवाखान्यात ठेवलं असताना 'बाबा गावाला गेलेत' ही थाप मारू नका. खरं कळलं नाही की मुलं स्वतःलाच दोष देतात. प्रत्येक हट्टाला 'बापावर गेलीस' म्हणणाऱ्या नातेवाइकांना तर आधी गप्प करा.

येत असलेलं बोलणं गेलं, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गांजाने या आजाराचा धोका वाढतो, त्यापासून सावध करायचं ते बाराव्या-तेराव्या वर्षी. मध्ये काही अडलं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, मोफत आणि मराठीतही.