शब्दचर्चा : 'रिकव्हरी' म्हणजे बरे होणे की उतार पडणे?

प्रश्न : क्रॉनिक फटीग सिंड्रोम (दीर्घकाळ टिकणारा, कमालीच्या थकव्याचा आजार) यावरील एका लेखाचा मी अनुवाद करत आहे. त्यातील 'रिकव्हर्ड' या शब्दासाठी मी 'बरे झालेले रुग्ण' असे लिहिले, परंतु संपादकांनी 'सुधारणा झालेले' असे सुचवले आहे. या दोहोंत कोणता शब्द योग्य ठरेल?

उत्तर : आपल्या संपादकांची शंका रास्त आहे. मराठीत औषधाने गुण येतो, आजाराला उतार पडतो आणि रुग्णाला बरे वाटते. पण 'बरा झाला' असे आपण आजार गेल्यावरच म्हणतो. 'ताप उतरला, पण अजून बरी झाले नाही' हे वाक्य आपल्याला जराही खटकत नाही.

या आजारात हा भेद सांभाळणे फार महत्त्वाचे आहे. या आजारावरील उपचारांची तुलना करणाऱ्या ब्रिटनमधील 'पेस' चाचणीत 641 रुग्ण होते. शारीरिक क्षमता मोजण्यासाठी वापरलेल्या 0 ते 100 अंकांच्या प्रश्नावलीत जिने चढणे, सामान उचलणे, अंघोळ करणे, कपडे घालणे अशा कामांबद्दल विचारलेले असते; जास्त अंक म्हणजे जास्त क्षमता. चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी 65 किंवा त्याहून कमी अंक असावे लागत. मूळ आराखड्यात बरे होण्याची रेषा 85 होती, पण 2013 च्या शोधनिबंधात ती 60 वर आणली गेली. म्हणजे 65 वर आत आलेला रुग्ण 60 पर्यंत घसरला, तरी तेवढ्या एका निकषावर तो 'रिकव्हर्ड' ठरू शकत होता. अशा माणसाला मराठीत कोणीही बरा झालेला म्हणणार नाही. बोधवर्तन उपचार (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा मानसोपचार) आणि क्रमाने वाढवत नेलेला व्यायाम या दोन्ही गटांत 22 टक्के रुग्ण बरे झाल्याचे त्या निबंधात म्हटले होते. ब्रिटनमधील न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर 2016 मध्ये चाचणीची मूळ माहिती खुली झाली आणि मूळ निकष लावल्यावर हे प्रमाण अनुक्रमे 7 आणि 4 टक्के निघाले.

(अंकांना 'गुण' म्हटल्यास 'गुण येणे'शी घोटाळा होतो, म्हणून मी 'अंक' हा शब्द घेतला आहे.)

प्रश्नकर्ती : आभारी आहे. मग 'पूर्ववत होणे' चालेल का?

उत्तर : चालेल, पण एक गोष्ट तपासून घ्यावी. माझ्या मावशीला हाच आजार आहे. दुपारची झोप, एका दिवसात एकच काम आणि जिना टाळणे एवढे सांभाळले की ती 'बरं वाटतंय' म्हणते, आणि ते खरेही असते. मात्र एखाद्या सणाला तासभर पोळ्या लाटल्या, की दुसऱ्या दिवशी तिला उठून बसणेही जड जाते. श्रमानंतर, कधी एक-दोन दिवसांनी, असे ढासळणे हे या आजाराचे मुख्य लक्षण मानले जाते, आणि रुग्णाने कामे कमी केली की प्रश्नावलीत ते सहज झाकले जाते.

यासाठी आपल्याकडे 'पथ्य सुटणे' हा नेमका प्रयोग आहे. पथ्यावर ठीक असलेला रुग्ण आणि पथ्य सुटलेला रुग्ण यांत आपण कधी गल्लत करत नाही. म्हणून मूळ लेखात केवळ अंक दिलेले असतील, तर 'अभ्यासकांच्या निकषानुसार बरे ठरवलेले' असे लिहून तो निकष तिथेच द्यावा. आणि पूर्वीची कामे पुन्हा सुरू करूनही रुग्ण ढासळत नाही असे स्पष्ट सांगितलेले असेल, तरच 'बरे झालेले' किंवा 'पूर्ववत झालेले' लिहावे.