पेट्रोलच्या टाकीला झाकण, टोपण की बूच?

आटेपिटे: बाबांच्या जुन्या गाडीत मागच्या बाजूने पेट्रोलचा वास यायचा. पाहिलं तर टाकीच्या झाकणाच्या आतली रबरी रिंग चिरलेली, आटेही झिजलेले. त्याच मॉडेलचं नवीन मागवून गावी पाठवलं आणि बसवायचं कसं ते फोनवर सांगायला लागलो. म्हटलं, "आधी झाकण काढा." पाच मिनिटांनी बाबा म्हणतात, "निघत नाही रे, पत्रा वाकतोय!" ते बाहेरची चौकोनी झडप ओढत बसले होते, जी सीटजवळच्या खटक्याने उघडते. आतलं फिरवायचं ते त्यांच्या लेखी झाकण नव्हेच, 'बूच'. आई मागून म्हणाली, टोपण म्हण. बायकोच्या मते टोपण फक्त पेनाला. तर बाहेरच्याला आणि आतल्याला मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का?

मधली_आळी: साधं आहे. वरून नुसतं ठेवतात ते झाकण (पातेल्याचं), तोंडावर बाहेरून चढतं ते टोपण, तोंडाच्या आत घुसतं ते बूच. तुमचं आतलं फिरवून आत जातं, म्हणजे बाबा बरोबर.

गॅरेजवाला: वीस वर्षं गाड्या उघडतोय. गिऱ्हाईक 'ढक्कन' म्हणतं, आम्ही 'कॅप'. बाहेरच्याला 'लीड'. बूच म्हणालात तर पोऱ्या इंजिन ऑइलच्या चेंबरखालचा बोल्ट खोलेल, मग बसा तेल पुसत.

भाषाभास्कर: 'लीड', 'कॅप', 'ढक्कन'! पोटात दुखतं हे वाचून. 'मळसूत्र' हा आपला जुना, नेमका शब्द आहे. फिरवून बसतं ते मळसूत्री टोपण. बाहेरची ती इंधनझडप. वापरले की रुळतात. 'महापौर'ला सुद्धा लोक हसलेच असतील.

मधली_आळी: घाईत 'मंगळसूत्री टोपण' वाचलं. आणि इंधन म्हणजे मुळात सरपण हो, पेटवायचं ते. पेट्रोलच्या टाकीला शुद्ध मराठी देताना लाकडं घातलीत.

भाषाभास्कर: अर्थविस्तार नावाची गोष्ट असते.

मधली_आळी: असते ना. मग तोच विस्तार 'झाकणा'ला का नाही?

वऱ्हाडी_ठेचा: आमची आजी रॉकेलच्या शिशीच्या बुचाला 'गुडदी' म्हणे. गुडदी हरवली का चिंधीचा बोळा. काय इंधनझडप करून राहिले भाऊ! आणि फिरकीचा तांब्या विसरले का सगळे? प्रवासात पाणी न्यायचा, आट्यांचं झाकण असलेला? त्याला कोणी मळसूत्री तांब्या म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणून माझं मत फिरकीचं झाकण.

आटेपिटे: फिरकी आवडलं! पण बाबांना 'फिरकी काढा' म्हटलं तर मी त्यांची फिरकी घेतोय असं वाटेल.

मांडवीकाठ: बूच पोर्तुगीजांकडून आलं असावं असं मला फार दिवस वाटतं. त्यांच्याकडे 'बूशा' म्हणजे बोळा, दट्ट्या. चावी, बिजागरी, घमेलं, पिंप त्यांचंच, मग पिंपाचं बूचही त्याच गलबतातून उतरलं असेल.

मधली_आळी: आणि बुचाचं झाड? पांढऱ्या लांब फुलांचं? तेही गलबतातून?

मांडवीकाठ: झाडाची साल बुचासारखी म्हणून झाडाला नाव. उलट नव्हे.

भाषाभास्कर: सगळं पोर्तुगीजांना देऊन टाका! उद्या 'टाकी' पण द्याल.

मांडवीकाठ: द्यायची गरज नाही, तो वाद आधीच आहे. इंग्रजी 'टँक' आपल्या 'टाक्या'वरून किंवा गुजराती 'टांकूं'वरून गेला असं इंग्रजी कोशकारच सुचवतात, काही जण पोर्तुगीज 'तांके'कडे बोट दाखवतात.

भाषाभास्कर: शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची आहेत.

मांडवीकाठ: टाकी आधीची आहेत. शब्द कधीचा, ते दगड सांगत नाही.

बे_एरियातली_मावशी: शब्द काहीही म्हणा, कट-कट आवाज येईपर्यंत फिरवायला सांगा. इथे अमेरिकेत माझं सैल राहिलं तर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. कोड निघाला पी०४५७, म्हणजे पेट्रोलची वाफ गळते, बहुधा कॅप सैल आहे. घट्ट केल्यावरही दिवा विझायला बरेच दिवस गाडी चालवावी लागली.

गॅरेजवाला: मावशी बरोबर. आणि मिळेल ते झाकण लावू नका. पेट्रोल कमी होतं तशी टाकीत हवा यावी लागते, त्यासाठी बऱ्याच झाकणांच्या पोटात छोटा व्हॉल्व्ह असतो. आटे जुळले पण हवेची वाट नसली तर उघडताना 'सुस्स' होतं आणि गाडी मधेच श्वास कोंडल्यासारखी बंद पडते. जुन्या लहान गाड्यांच्या झाकणाला नुसतं भोक असायचं. ते मातीने बुजलं की लोक कार्ब्युरेटर खोलत बसायचे.

वऱ्हाडी_ठेचा: म्हणजे अक्षरशः बूच बसायचं!

भाषाभास्कर: असल्या वाक्प्रचारांमुळेच मी तो शब्द टाळतो.

आटेपिटे: ताजी बातमी. बाबांनी शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावून बसवून घेतलं. तो त्याला 'टोपी' म्हणतो. झडप अजून थोडी वाकडी आहे. आता बाबा विचारतात, झाकण हरवू नये म्हणून ती काळी रबरी पट्टी असते, जुन्याची तुटून आतच लोंबतेय, तिला काय म्हणायचं?

गॅरेजवाला: दोरी.

भाषाभास्कर: पट्टीला दोरी कसं म्हणाल?

मधली_आळी: नाडी.