निक्को एका दिवसात: आई-बाबांना झेपेल का?

डोंबिवलीकर: टोकियोहून मार्चअखेर एका दिवसात निक्को करायचंय. सोबत सत्तरीतले आई-बाबा, शुद्ध शाकाहारी. देशव्यापी जेआर (जपान रेल्वे) पास आहे. तोशोगू, फुतारासान, रिन्नोजी ही तिन्ही देवळं पायी झेपतील? आणि तिथल्या पाच मजली पॅगोडाचा मधला खांब म्हणे जमिनीला टेकतच नाही, भूकंपासाठी. खरं का?

पायपीट: झेपेल, पण वरून खाली या. शिंकान्सेनने (बुलेट ट्रेनने) उत्सुनोमिया, तिथून जेआर निक्को लाइन. शिंजुकूच्या थेट गाडीच्या नादी लागू नका. ती पुढे तोबू कंपनीच्या रुळांवर जाते आणि तेवढ्या टप्प्याला तुमचा पास चालत नाही. स्टेशनहून बसने शिंक्यो पुलाशी न उतरता वरच्या ताइयुइन समाधिमंदिरापर्यंत जा. मग फुतारासान, तोशोगू, शेवटी रिन्नोजी.

तोशोगूत झोपलेलं मांजर कोरलेल्या दारापुढे शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इएयासूच्या समाधीकडे 207 दगडी पायऱ्या आहेत, पावसात निसरड्या. गुडघे कुरकुरत असतील तर मांजर बघून मागे फिरा. योमेइमोन दरवाजा, तीन माकडांचं कोरीवकाम सगळं खालीच आहे. देवळात बूट काढावे लागतात, जाड मोजे घाला. तोशोगू मार्चअखेरपर्यंत दुपारी 4 ला बंद, प्रवेश अर्धा तास आधीच थांबतो.

वरणभात: युबा (सोयाबीनच्या दुधावरची साय) ही निक्कोची खासियत, पण त्यावर विसंबू नका. ती ज्या रश्शात येते त्यात बहुतेकदा कात्सुओ माशाचा दाशी (अर्क) असतो, आणि तो आधीच करून ठेवलेला असल्यामुळे ऐनवेळी वगळता येत नाही. बसण्याआधी विचारा. नाहीतर दशम्या-चटणी झिंदाबाद.

रंधा: खांब लटकता आहे हे खरं, भूकंपाचं कारण अर्धवट. पॅगोडा 1650 चा, 1815 मध्ये जळला, 1818 मध्ये पुन्हा बांधला. खांब चौथ्या मजल्यावरून साखळ्यांनी टांगलाय, खाली साधारण 10 सेंटिमीटर फट. मजले म्हणजे एकावर एक रचलेली आडवी लाकडं. वाळताना आणि वजनाखाली ती दबतात. उभा खांब मात्र लांबीत जवळपास आकसत नाही. तो जमिनीवर टेकवला तर छप्पर खाली बसेल, खांब तिथेच राहील, शेंड्याशी फट पडून पाणी शिरेल. टांगलेला खांब मजल्यांबरोबर खाली येतो. भूकंपात त्याचा उपयोग किती, यावर अभियंत्यांचं एकमत नाही.

पायपीट: मार्च म्हणजे सुगी (जपानी सीडर) झाडांच्या परागकणांचा हंगाम, आणि अख्खा परिसर सुगीच्या झाडीत. कुणाला दम्याचा, शिंकांचा त्रास असेल तर मास्क आणि नेहमीचं औषध हाताशी ठेवा.

डोंबिवलीकर: बाबांना दमा आहे. मग मे महिन्यात नेतो.

पायपीट: 17-18 मे सोडून. तोशोगूचा मोठा उत्सव असतो, मुंगी शिरायला जागा नसते.