अनुबियसवरचं काळं शेवाळ दर तीन आठवड्यांनी परत येतंय, काय करू?

पाणवेल:
नमस्कार मंडळी. माशांची दोन फुटी प्लांटेड टाकी आहे, म्हणजे आत खरी झाडं लावलेली, साधारण ६० लिटर पाणी, दीड वर्ष झालं. झाडं अनुबियस, जावा फर्न आणि दोन क्रिप्ट, मासे १२ निऑन टेट्रा. लाइट सकाळी ११ ते रात्री ९. साखर-यीस्टची बाटली लावून झाडांना सीओटू (कार्बन डायऑक्साइड) देते. प्रॉब्लेम असा की अनुबियसच्या पानांच्या कडांना काळं शेवाळ येतं, दाढीच्या खुंटांसारखं दाट, बोटाने चोळलं तरी निघत नाही आणि नखाने ओरबाडलं तर पानच फाटतं. खराब पानं कापली, तीन दिवस टाकीवर चादर टाकून अंधार केला, दुकानातून शेवाळाचं औषध आणून टाकलं तर गोगलगायी मेल्या आणि शेवाळ तसंच. दर वेळी वाटतं गेलं एकदाचं आणि दोन-तीन आठवड्यांत परत हजर. घरचे म्हणतात मोडून टाक टाकी, पण हे अनुबियस पहिल्या दिवसापासूनचं आहे, मला ते वाचवायचंय.

खाडीकाठ:
हे ब्लॅक बिअर्ड अल्गी नावाचं शेवाळ, म्हणजे बीबीए. १० तास लाइट फार होतो ताई, आधी ६ वर आणा. आणि एक सयामीज अल्गी ईटर सोडा, हे शेवाळ खाणारे मासे मोजकेच, त्यातला हा एक. पण घेताना नीट बघून घ्या, काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली पाहिजे. त्याच नावाखाली चायनीज अल्गी ईटर गळ्यात मारतात, तो मोठा झाला की बाकीच्या माशांच्या अंगाला चिकटतो.

मुळाकाठ:
मासा सुचवण्याआधी एक विचारतो. यीस्टची बाटली किती दिवसांनी बदलता? आणि शेवटच्या दिवसांत बुडबुडे कसे असतात?

पाणवेल:
तीन आठवड्यांनी. पहिला आठवडा जोरात, मग कमी होत जातात, शेवटी शेवटी मिनिटाला एखादा. अरे हो, म्हणजे शेवाळ पण त्याच सुमाराला दिसायला लागतं!

मुळाकाठ:
तिथेच घोळ आहे. सीओटू कमी असला तरी झाडं निभावून नेतात, पण आज भरपूर आणि दहा दिवसांनी काहीच नाही असं झालं की त्यांची वाढ अडखळते, आणि माझ्या अनुभवात बीबीए नेमकी तेव्हाच पाय पसरते. त्यात अनुबियस सगळ्यात हळू वाढणारं, एकच पान महिनोन्महिने तिथेच, त्यामुळे ती आधी त्याच्यावरच बसते. यीस्टचं काम खोलीच्या तापमानावर चालतं, एप्रिल-मेमध्ये बाटली आठवड्यातच संपते आणि पाणी गरम असलं की त्यात गॅसही कमी विरघळतो. अंधाराने ही जात नाही कारण ही मुळात लाल शेवाळाच्या कुळातली, कमी उजेडात तग धरते. आणि शेवाळाच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं, गोगलगायी त्यानेच गेल्या असणार, ते परत टाकू नका.

माझं स्पष्ट मत, बाटली काढूनच टाका. तुमच्याकडची सगळी झाडं सीओटूशिवाय मस्त जगतात. पुढे लाल स्टेम प्लांट वगैरे लावायचे असतील तर सीओटूचा टायमरवाला सिलिंडर घ्या, यीस्टच्या फंदात पडू नका. लाइट ६ तास, दर आठवड्याला निम्मं पाणी बदला आणि फिल्टरचा स्पंज पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको, चांगले बॅक्टेरिया जातात. सयामीज चांगला मासा आहे पण ५-६ इंच होतो, दोन फुटीत त्याचे हाल होतील आणि पेलेट (गोळ्यांचं खाद्य) खायची सवय लागली की शेवाळाकडे बघतही नाही.

कुंडी_आणि_टाकी:
आत्ता जे आहे त्याच्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. मेडिकलमध्ये बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, लेबल वाचा, तसं असेल तर तेवढंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करा. अनुबियस लाकडासकट बाहेर काढा, पानांच्या कडांना ब्रशने लावा, पाच मिनिटं थांबून धुवून परत ठेवा. मुळं ओली राहू द्या. मॉसला मात्र लावू नका, जळतं. दोन-तीन दिवसांत शेवाळ गुलाबी-लाल झालं की मेलं समजायचं, लगेच खरवडायला जाऊ नका.

पाणवेल:
सहा आठवड्यांनी परत आले. बाटली काढली, लाइट दुपारी ३ ते रात्री ९, दर रविवारी निम्मं पाणी. स्पंज पिळला तर चहासारखं काळपट पाणी निघालं, चार महिने हात लावला नव्हता त्याला. पेरॉक्साइड लावल्यावर तिसऱ्या दिवशी कडा वाइनसारख्या लाल झाल्या, मग फिकट पडल्या आणि आठवड्याभरात टेट्रांनीच त्या टोचून टोचून साफ केल्या. एका क्रिप्टची पानं विरघळली होती पण मुळातून नवीन फुटतायत. जुन्या अनुबियसला दोन नवीन पानं आलीत, भिंग घेऊन कडा बघितल्या, एकही काळा ठिपका नाही. मधे सोसायटीत आठवडाभर टँकरचं पाणी होतं तेव्हा धास्ती वाटली म्हणून एकदम निम्मं न बदलता दोनदा थोडं थोडं बदललं, काही झालं नाही.

मुळाकाठ:
मस्त! टँकरच्या वेळी तेच बरोबर. आता लाइट वाढवायचा मोह झाला तर आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर जाऊ नका, आणि नजर अनुबियसच्या सगळ्यात जुन्या पानावर ठेवा, आली तर तिथेच आधी दिसेल.