घाटावर तापतं तेव्हा किनाऱ्यावर काय होतं? अनुभव सांगा

विदर्भ-मराठवाड्यात पारा ४३-४४ च्या पुढे गेला की आमच्याकडे रत्नागिरीला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "तुमचं बरं आहे, समुद्र आहे, गारवा असेल." मग मे महिन्यात गाड्या भरभरून लोक खाली उतरतात. समुद्रामुळे उन्हाळा सौम्य होतो हे खरं आहे. पण तो किती वाजता होतो, कधी होतच नाही, आणि घाटावरच्या उन्हाचा आमच्या वाऱ्या-पाण्याशी काय संबंध असतो, हे उतरणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान ४० अंश धरतं आणि किनाऱ्यासाठी ३७, शिवाय दोन्हीकडे तापमान सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवं. म्हणजे आमचे ३७ हे खात्याच्या लेखीसुद्धा साधे ३७ नाहीत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी, दर्यावर जाणाऱ्यांनी, बागायतदारांनी आणि सुट्टीला येणाऱ्यांनीही इथे लिहा. वारा कधी लागला, पाणी कसं होतं, अंगाला काय जाणवलं, असं नेमकं लिहिलंत तर पुढे येणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

हर्णैहून

घरचा धंदा मासेमारीचा. उन्हाळ्यात आमचा दिवस वाराच ठरवतो. पहाटे जमिनीवरून मतलई सुटतो, त्यावर लहान होड्या बाहेर पडतात. नऊ-दहाला तो पडतो आणि तास-दीड तास पान हलत नाही. हीच सगळ्यात जीवघेणी वेळ. बंदरावर लिलावाला उभ्या असलेल्या बायका पदराने वारा घेत असतात. मग समुद्रावरून झुळूक येते, बारापर्यंत वारा अंगाला लागतो, आणि तीन वाजले की वायव्येचा वारा असा चढतो की बंदराबाहेर जिकडेतिकडे फेस फुटलेला दिसतो.

जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतं. घाटावरची हवा तापून वर गेली की तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत धावते. घाटावर कडक तापलं की आमच्या दुपारच्या वाऱ्यालाही जोर. वडील रात्री बातम्यांत अकोला-चंद्रपूरचे आकडे ऐकायचे आणि सकाळी जाळं किती वाजता वर घ्यायचं ते ठरवायचे. आता मोबाइलवर तासातासाचा वारा दिसतो, मीही तो बघूनच निघतो, पण अकोल्याचा आकडा ऐकायची सवय गेलेली नाही.

सुट्टीवाल्यांसाठी एवढंच: डॉल्फिन बघायला सकाळी सातला या. जेवून, झोप काढून चारला येता आणि लहान मुलांना घेऊन वायव्येच्या तोंडावर होडीत बसायचं म्हणता. आम्ही नाही म्हटलं की राग येतो. राग आला तरी चालेल.

कुर्ल्याहून

मुंबईकरांना मे महिन्यापेक्षा मार्च जास्त छळतो. त्या दिवसांत कधी कधी वारा पूर्वेकडून, म्हणजे तापलेल्या घाटावरूनच खाली येतो आणि समुद्राच्या वाऱ्याला आत शिरू देत नाही. एरवी अकरा-बाराला सुटणारा वारा मग दोन-अडीचपर्यंत येत नाही आणि तेवढ्यात पारा चाळिशीला टेकतो. सांताक्रूझला मार्चमधलं सर्वांत जास्त तापमान २८ मार्च १९५६ चं आहे, ४१.७ अंश. एप्रिलमधलं १४ एप्रिल १९५२ चं, ४२.२. तेव्हा एवढं काँक्रीटही नव्हतं, तरी वाऱ्याने दगा दिला की असं होतं.

मी फलाटावर काम करतो, छप्पर पत्र्याचं. वारा फिरला की घड्याळ न बघता कळतं. आधी झेंडूच्या हारवाल्याचे हार एका बाजूला झुकतात, मग खारट वास येतो. अंगातला शर्ट मात्र त्यानंतरही रात्रीपर्यंत चिकटलेलाच.

कोलाडहून

रायगड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अलिबागचा किनारा येतो. आमच्या जवळचं भिरा त्याच जिल्ह्यात आहे आणि मार्च २०१७ च्या अखेरीला तिथे ४६.५ अंश नोंदले गेले. सह्याद्रीच्या पायथ्याशी तिन्ही बाजूंनी डोंगर, खाऱ्या वाऱ्याला पोचायला उशीर. हॉटेल शोधताना जिल्ह्याचं नाव बघू नका, समुद्रापासूनचं अंतर बघा.

नागपूरहून

उन्हाळा आम्हाला नवा नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ होतं, तेही आम्ही अंगावर काढलं. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, दुपारी बारा ते पाच दारं बंद आणि कूलरला वाळ्याच्या ताट्या. त्या जोरावर आम्ही गुहागरला मुलीच्या सासरी गेलो. तिथे ३४ होते. बाबा म्हणाले, हे काय ऊन आहे!

त्यांनी हौसेने लहान कूलर गाडीत घालून नेला होता. तो लावला आणि तासाभरात खोलीत बसवेना. कूलरचं काम पाणी हवेत उडण्यावर चालतं, आणि तिथल्या हवेत आधीच एवढं पाणी की आणखी उडायला जागाच नाही. घामाचंही तेच होतं. नागपुरात घाम दिसायच्या आत वाळतो आणि अंग गार करून जातो. तिथे घाम नुसता वाहत राहतो, अंग थंड होत नाही.

तिसऱ्या प्रहरी बाबा वाडीत नारळ मोजत फिरत होते. परत आले तर चेहरा पांढरा, पोटऱ्यांत गोळे, मळमळ. घामाने बनियन पिळून निघालं होतं. विहीणबाईंनी बघताक्षणी ओळखलं. पंख्याखाली आडवं केलं, पाय उंच ठेवले, मानेवर-काखेत ओले पंचे, आणि घोट घोट मीठ-साखरेचं पाणी. "आमच्याकडे घामाच्या धारा लागलेल्या असतानाच माणूस पडतो, दादा," त्या म्हणाल्या. आम्ही मात्र लहानपणापासून कोरड्या, तापलेल्या अंगावरून ऊन लागलेलं ओळखत आलो. माझ्या ओळखीतल्या प्रत्येक वैदर्भीय माणसाला मी हे आता सांगते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसं गेली, तेव्हा पारा चाळिशीच्याही खाली होता. विदर्भात त्या आकड्याला कोणी दुपार बंद ठेवत नाही.

देवगडहून

कातळावर हापूसची बाग आहे, वाऱ्याबद्दल आम्हाला बोलायलाच हवं. समुद्राचा वारा वेळेवर लागला की फळ सुखात असतं. पूर्वेचा कोरडा, गरम वारा दोन-तीन दिवस टिकला की सुपारीएवढ्या कैऱ्यांचा झाडाखाली सडा पडतो. मोठ्या फळाची पश्चिमेकडची, म्हणजे दुपारचं ऊन खाणारी बाजू भाजते. सालीवर करडा डाग पडतो आणि तो आंबा पेटीत जात नाही.

त्याहून वाईट साका. बाहेरून फळ सोन्यासारखं, कापलं की कोयीजवळचा गर पांढुरका, भुसभुशीत. तापलेल्या जमिनीतून परतणाऱ्या उष्णतेचा त्यात मोठा हात असतो, म्हणून आम्ही झाडाखाली गवताचं आच्छादन ठेवतो. आंबा सकाळी उतरवायचा आणि उतरवल्याबरोबर सावलीत न्यायचा. ग्राहकाला वाटतं बागायतदाराने फसवलं. ज्या दुपारी वारा आला नाही त्या दुपारचा तो आंबा असतो, एवढं लक्षात ठेवलंत तरी आम्हाला बरं वाटेल.

मालवणहून

मे २०२४ ची सुरुवात. आभाळ स्वच्छ, झाडाचं पान हलत नव्हतं, देशभर उन्हाच्या बातम्या. हैदराबादच्या इन्कॉइस केंद्राने, म्हणजे महासागर माहिती सेवेने, ४ मेच्या सकाळी साडेअकरापासून ५ मेच्या रात्रीपर्यंत उंच लाटांचा इशारा दिला होता. किनाऱ्यावरच्या पाहुण्यांना तो खरा वाटेना. वादळ नाही, पाऊस नाही, लाटा कुठून येणार?

लाटा आल्या त्या पार दक्षिणेकडून, हजारो किलोमीटरवरच्या महासागरात दिवसांपूर्वी झालेल्या वादळातून. अशी लाट आमच्या रोजच्या दुपारच्या लाटेहून वेगळी ओळखता येते. वाऱ्याची लाट आखूड, घाईची, पाच-सात सेकंदाला एक. ही लांबलचक, दोन लाटांमध्ये पंधरा-वीस सेकंद. मधल्या वेळात पाणी इतकं शांत दिसतं की माणूस दोन पावलं पुढे जातो. मग जी येते ती फुटत नाही, नुसती वर चढत राहते, जिथे सकाळपासून कोरडं होतं तिथपर्यंत, आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. आमच्या काकांनी दोन लाटा बघितल्या आणि हाक दिली, "दर्यो फुगलो हा, होडी वरती घेवा रे!" चपला, खुर्च्या, शहाळ्यांचा ढीग, सगळं पाण्यावर तरंगायला लागलं तेव्हा कुठे पाहुणे मागे सरले.

केरळात याला कल्लक्कडल म्हणतात आणि तिथले लोक त्याला पुरते ओळखून आहेत. ६ मेला कन्याकुमारीजवळ वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच मुलं अशाच लाटांत बुडून गेली. वारा नसतानाही समुद्र उसळतो, हे माझ्या मते शाळेत शिकवायला हवं.

श्रीवर्धनहून

आणखी एक गोष्ट कोणी लिहिली नाही. एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्रही तापतो, वरचं पाणी ३० अंशांपर्यंत जातं. चक्रीवादळाला साडेसव्वीसच्या वरचं पाणी पुरतं. तौक्ते मे २०२१ मध्ये आलं, निसर्ग ३ जून २०२० ला आमच्याच भागात जमिनीवर चढलं. आमच्या सुपारीच्या वाडीत उभं झाड शोधावं लागत होतं. सुपारी लावल्यावर पीक यायला किती वर्षं जातात ते कोकणातल्या माणसाला विचारा.

पेणहून

सगळेच उन्हाला नावं ठेवताहेत. आमच्या घरात मिठागराची कामं झाली, तिथे कडक ऊन म्हणजे सुगी. उधाणाच्या भरतीला उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, खाडीचं पाणी आत घ्यायचं, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं. वैशाखातलं ऊन आणि दुपारचा खारा वारा, दोन्ही मिळाले की शेवटच्या वाफ्यात मिठाची साय धरते. नुसत्या उन्हाने ती तशी धरत नाही, वर साचलेली दमट हवा वाऱ्याने हलवावी लागते. आजीच्या टाचांच्या भेगा त्या खारट पाण्याने कधी मिटल्या नाहीत. ती मात्र ऊन चढलं की खूश असायची, कारण मजुरी मिठाच्या मापावर होती.

अलिबागहून

भरती-ओहोटीबद्दल लिहितो, कारण गडबड तिथेच होते. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं. वाळू ओली, मधे घोट्याएवढं पाणी, घोडागाड्या ये-जा करताना दिसतात, म्हणून लोकांना रस्ता कायमचा वाटतो. पाणी समोरून येताना दिसेल, या समजुतीत ते किल्ल्यात रेंगाळतात. प्रत्यक्षात ते आधी दोन्ही अंगांच्या सखल जागांतून भरतं आणि मधला उंचवटा शेवटी बुडतो. तुम्ही कोरड्यावर उभे असता आणि परतीच्या वाटेवर कमरेएवढं झालेलं असतं. गाड्या वाळूत घालणाऱ्यांचंही तेच. काशीदपासून खाली प्रत्येक किनाऱ्यावर मे महिन्यात ट्रॅक्टरवाल्याला हाका मारलेल्या मी ऐकल्या आहेत.

आमच्याकडे तोंडी हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या आसपास. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. दिवसातून दोनदा भरती, मधे सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज पाऊण तास पुढे. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण सगळ्यात मोठं, अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. मुंबई-अलिबागला उधाणात पाणी चार-पाच मीटर वरखाली होतं, गोव्याला त्याच्या निम्मं.

म्हापशाहून

वर गोव्याचा उल्लेख आला म्हणून. आमची भरती लहान, त्यामुळे घाटावरच्या पाहुण्यांना आमचा समुद्र गरीब वाटतो. इथे माणसं जातात ती बहुधा परतीच्या ओढीने. लाटा फुटताना बघा: मधेच एक पट्टा असा असतो जिथे लाट फुटत नाही, पाणी सपाट आणि जरा गढूळ दिसतं. आईबाप मुलांना मुद्दाम तिथेच सोडतात. लाटांनी आणलेलं सगळं पाणी त्याच पट्ट्यातून परत जात असतं. ओढलं गेलंच तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका, किनाऱ्याला समांतर सरका, पट्टा अरुंद असतो. आणि लाल बावटा लावलेला असेल तर जीवरक्षकाशी हुज्जत नको. तो सकाळपासून तेच पाणी बघत उभा असतो.

लातूरहून

सगळं वाचलं. आमचं मुलाबाळांसह गुहागरला जायचं ठरलंय, वद्य पंचमीला पोचतोय. अलिबागच्या दादांनी हिशेब करून सांगावा ही विनंती. सोबत सासूबाई आहेत, वय सत्तरीपुढे.

अलिबागहून

ताई, पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पूर्ण भरती दुपारी साडेतीन-पावणेचारला, गुहागरला त्याआधी थोडी. त्याच वेळी वायव्येचा वाराही चढलेला असणार, तेव्हा दुपारी पाण्यात कोणीच नको. सकाळी साडेनऊच्या आसपास ओहोटी, मुलांना सात ते नऊ वाळूत खेळू द्या, घोट्याच्या वर पाणी नको. संध्याकाळी पाणी उतरत असतं, ते आत ओढतं, म्हणून काठावर बसा. सासूबाईंना नऊ ते बारा घराबाहेर काढू नका, तेव्हा वारा पडलेला असतो. निघायच्या आदल्या दिवशी इन्कॉइसचा इशारा बघा आणि पोचल्यावर गावातल्या एखाद्या होडीवाल्याला विचारा. कूलर घरीच ठेवा.