जळगावहून रविवारी कोणतं गाव बघू?

बदली होऊन जळगावला आलेय. स्कूटी आहे, मॉलची हौस नाही. जवळचं एखादं गाव सुचवा ना.

– ताई, आधी आमच्या असोद्याला या, बहिणाबाईंचं माहेर. पण थंडीतच या! शेतात कपाशीच्या काड्या पेटवून भरितासाठी हिरवी वांगी भाजतात. साल काळी पडून फुटली की आतला पांढरा गर लाकडी भांड्यात मिरच्यांसोबत ठेचतात. वरून कांद्याची पात, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. हातांना धुराचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो.

– फैजपूरही बघा. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन तिथलंच. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच केळी.

– असोदा ठरलं. भाकरी घरून आणू का?

– छे, पाहुण्यांनी भाकरी आणायची नसते.