उत्तर: पिस्तुलाचा ग्रुप अंतराबरोबर किती पसरतो?

"10 मीटरला 4 सेंमीचा ग्रुप, म्हणजे 25 ला सरळ 10 सेंमी" हे नेहमीचं गणित कागदावर बरोबर आहे (ग्रुप म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांच्या छिद्रांचा पुंजका), पण रेंजवर माझा ग्रुप कधी इतका शहाण्यासारखा वागला नाही. कारण चुका दोन जातीच्या असतात. दोन्ही साईट (पिस्तुलावरचे नेम धरायचे भाग: पुढे फ्रंट, मागे खाचेची रिअर) एका रेषेत ठेवून अख्खा हात 5 मिमी सरकला, तर छिद्रही 5 मिमीच सरकतं, अंतर काहीही असो. पण फ्रंट साईट रिअर साईटच्या खाचेत अर्धा मिमी जरी कलली, तर दोन्हींमध्ये 160 मिमी अंतर असलेल्या पिस्तुलावर 10 मीटरला 31 मिमी आणि 25 ला 78 मिमीची चूक होते. 50 ला तर 15 सेंमीहून जास्त! म्हणून नजर फ्रंट साईटवर हवी, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. (मला हे पटायला फार वेळ लागला.)

माझं 25 ला बिघडायचं ते वेगळ्याच कारणाने. टार्गेटवरचा काळा गोल लहान दिसला की "आत्ता बरोबर आहे, दाब" असं वाटून ट्रिगरला झटका बसायचा. शेवटी काही दिवस कोऱ्या कागदावर नेम धरून मारलं, ग्रुप लगेच आवळला.

आणखी एक गंमत. आयएसएसएफचं (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं) 25 मीटर प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेमाची फेरी, आणि 50 मीटर पिस्तुलाचं टार्गेट एकच आहे, दहा गुणांचं वर्तुळ दोन्हीकडे 50 मिमी. 10 मीटर एअर पिस्तुलाचं मात्र 11.5 मिमी, म्हणजे कोनाच्या हिशोबाने ते 25 पेक्षा कठीण आणि जवळपास 50 इतकंच.